दाढेचं निव्वळ वर्णन

राय धान्याच्या शिळ्या पावाचा तुकडा चावताच ओटमार किसलिंगच्या उजव्या दाढेत अशी काही कळ गेली, की हातातला कॉफीचा कप टेबलावर लवंडला. आणि गडी चक्क हसला.

"दुखतेय, बाई! अखेर दाढ दुखतेय!"

घरमालकीण बुर्खार्टबाई फडकं घेऊन बघतच राहिल्या. "मग त्यात नाचायचं काय? परवाच धुतला होता मी तो टेबलक्लॉथ."

फ्रायबुर्गच्या विद्यापीठात ओटमार चार वर्षं 'वेदना' या विषयावर प्रबंध लिहीत होता. त्याचे गुरू प्रोफेसर हाउग म्हणजे फेनोमेनोलॉजी या तत्त्वज्ञानाच्या शाखेतला कडक माणूस. आधी जे ठाऊक आहे, वाचलंय, गृहीत धरलंय, ते सगळं बाजूला कंसात ठेवायचं आणि अनुभव जसा येतो तसाच कागदावर उतरवायचा, हा त्यांचा नियम. ओटमारचं प्रत्येक प्रकरण ते परत करत. "हे पुस्तकातलं दुखणं झालं, किसलिंग. तुमचं कुठाय?" येत्या शुक्रवारी स्वतःच्या अनुभवाचं एक तरी पान आणलं नाही, तर दुसरा गुरू शोधा, असं त्यांनी बजावलं होतं. दुसरा गुरू नव्हताच. त्रिबेर्ग गावी वडिलांचं घड्याळांचं दुकान तेवढं होतं, आणि जन्मभर तिथे टिकटिक ऐकत बसायच्या कल्पनेनंच ओटमारला रडू येई.

म्हणून बाईंनी दिलेली लवंग त्याने थुंकून टाकली आणि लिहायला बसला. 'सुई टोचल्यासारखं' असं लिहिलं. पण तोंडात सुई कुठून आली? खोडलं. 'निखारा ठेवल्यासारखं.' तेही खोडलं. 'सारखं' काढून टाकलं की हाती काहीच उरेना. बुधवारी गाल फुगला. गुरुवारी डोळा मिटला. कागद कोरा तो कोराच. वैतागून त्याने टेबलावर डोकं आपटलं, तशी दाढ आणखी ठणकली, आणि त्या ठणक्याचंही वर्णन जमेना.

"उठा," बाई म्हणाल्या आणि त्याची कॉलर धरून त्याला दंतवैद्याकडे घेऊन गेल्या.

"कुठला दात?" दंतवैद्याने विचारलं.

"दात दुखतोय, हे गृहीतक झालं," ओटमार फुगल्या तोंडाने म्हणाला. "उजवीकडे, मागे, काहीतरी ढकलतंय. मला एवढंच जाणवतं."

"वर की खाली?"

"ते तुम्ही बाहेरून बघून म्हणणार."

"अहो, निदान बोट तरी ठेवा!" बाई ओरडल्या.

"बोट ठेवलं की ते बोटाचं वर्णन होईल, बाई."

बाहेर लोक खोळंबले होते. दंतवैद्याने उसासा टाकला, चिमटा उचलला आणि आपल्या अंदाजाने एक दाढ उपटली. ताटलीत पडलेली ती दाढ पांढरीशुभ्र होती. कुठे डाग म्हणून नव्हता. दंतवैद्याने बाईंकडे पाहिलं, बाईंनी छताकडे.

"चांगली होती," दंतवैद्य हळूच म्हणाला. "किडलीय ती शेजारची. पण आज आणखी नको, रक्त थांबू दे. सोमवारी या."

घरी येऊन ओटमार कागदापुढे बसला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. 'दुखतंय,' त्याने लिहिलं. बराच वेळ गेला. मग त्याखाली पुन्हा लिहिलं, 'दुखतंय.' याउपर एक अक्षर सुचलं नाही.

शुक्रवारी जबड्याला मफलर गुंडाळून त्याने तो कागद प्रोफेसरांपुढे ठेवला आणि घड्याळाच्या दुकानाची मनाशी तयारी केली. प्रोफेसरांनी तो वाचला. परत वाचला. चष्मा काढला.

"किसलिंग, चार वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही काहीही गृहीत न धरता लिहिलंत. उत्तम!" त्यांनी पेन्सिल पुढे सरकवली. "फक्त ते दुसरं 'दुखतंय' खोडा. पुनरुक्ती होतेय."

ओटमारने पेन्सिल घेतली. खालच्या शब्दावर टेकवली, मग वरच्या. मग ती टेबलावर ठेवून त्याने गुरूंच्या नजरेला पहिल्यांदाच नजर दिली.

"नाही, सर. दोन ठिकाणी दुखतंय."