उदयोन्मुखांना हात लावू नये

ज्याला एकदा चांगलं नाव पडलं, त्याचं वाईट करायला कुणाचा हात धजत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. सांडपाण्यालाही तो लागू आहे.

वाळूजच्या अलीकडं, नाल्याकाठी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र क्रमांक सव्वातीन आहे. (चौथं व्हायचं होतं, पाऊण राहिलं.) तिथल्या प्रयोगशाळेत करुणा पाणी तपासायची. अलीकडं तिला त्यात नवीन मंडळी सापडू लागली होती: अंगदुखीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, केसांचा काळा रंग, गोरं करणारं क्रीम. (पाणी मात्र आहे त्याच रंगाचं राहिलं.) जुनी यंत्रणा यातलं काहीच अडवत नव्हती. पाणी नाल्यातून मळ्यात जाई, मळ्यातली मेथी करुणाच्या सासूबाई चंपाबाई निवडून आणत, आणि करुणाची दीड वर्षांची लेक राजनंदिनी भाकरीसोबत तीच मेथी चोखत बसे. तेव्हा पावसाळ्याआधी नवी यंत्रणा बसवायचीच, असं करुणानं मनाशी धरलं.

तिनं प्रस्ताव लिहिला: 'सांडपाण्यातील उदयोन्मुख प्रदूषके प्रगत पद्धतीने काढून टाकणेबाबत.' पद्धती दोन. ओझोन वायू सोडणे, आणि सक्रिय कोळशाची गाळणी. उदयोन्मुख हा शब्द पुस्तकातलाच. जी नव्यानं दिसू लागली, ती उदयोन्मुख.

मुख्य अभियंता काकासाहेबांनी शीर्षक वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"करुणाताई, उदयोन्मुखाला कुणी काढतं व्हय? क्रांती चौकात जाऊन बघा, त्याचं बॅनर लागतंय. उद्या वर आला म्हंजी पहिलं आपल्यालाच बघून घेईल."

"साहेब, ती गोळ्या-औषधं आहेत."

"आज हायेत."

विषय गंभीर असल्यानं सात जणांची समिती नेमली गेली. तिच्या चार बैठका झाल्या. (एक एकादशीला आली, त्यामुळं साबुदाण्यावर सखोल चर्चा झाली.) सातपैकी सात सदस्य स्वतःला उदयोन्मुख समजतात, असं आढळलं, त्यातले सर्वांत धाकटे एकसष्ट वर्षांचे होते. साहजिकच प्रस्तावात त्यांना व्यक्तिगत रोख दिसला. शिवाय सदर कोळसा नेमका कोणत्या गटात सक्रिय आहे, याचा लेखी खुलासा मागवण्यात आला. करुणानं कळवलं की तो कुठल्याच गटात नाही, नुसता एका जागी बसून शोषून घेतो. ही कार्यपद्धती समितीला परिचयाची वाटली. कोळसा एकमतानं मंजूर झाला. त्यानं काढायचं कुणाला, एवढंच राहिलं.

करुणानं शब्द बदलला. 'प्रस्थापित प्रदूषके' असं लिहून नेलं. काकासाहेबांनी फाइल दोन बोटांनी परत सरकवली.

"त्यापेक्षा उदयोन्मुख परवडला, ताई. प्रस्थापिताला हात लावला तर तुमची न् माझी बदली एकाच गाडीतून हुईल."

पावसाळा पंधरा दिवसांवर आला. घरी राजनंदिनीनं मेथी चोखून चोखून आणखी मागितली. दुसऱ्या दिवशी करुणानं देवाचं नाव घेतलं आणि शीर्षकात लिहिलं, 'सामान्य प्रदूषके'.

काकासाहेबांनी चष्मा न लावताच सही केली.

"सामान्य ना? मग इतके दिवस थांबल्या कशाला? त्याला कुठं लई विचार करावा लागतो."

रीतीप्रमाणं वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघाली. रकाना लहान असल्यानं 'सांडपाण्यातील' आणि 'प्रदूषके' हे दोन शब्द गळाले, उरलेलं व्याकरण छापखान्यानं जुळवून घेतलं, आणि छापून आलं: 'सामान्यांना प्रगत पद्धतीने काढून टाकणेबाबत. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी.'

एकही हरकत आली नाही. यंत्रणा बसली, पाणी नितळ झालं, मेथी निर्धोक झाली. करुणाला समाधान वाटलं. फक्त एवढ्या मोठ्या शहरातून साधा एक फोनही कसा आला नाही, याचं तिला नवल वाटत राहिलं.

खरं तर ती सूचना तुम्हीही वाचली होती. सामान्य म्हणजे शेजारचे, असं समजून तुम्ही पान उलटलंत.