पोस्टकार्ड उलटायचं नाय

माझ्या नातवंडांनो, चिन्मय आणि सई,

तुमच्या कंपन्यांनी तुम्हाला दिवसभर बसवून नीतिनियम शिकवले, जाडजूड पुस्तिकेवर सही घेतली, आणि रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी त्याची मनसोक्त टिंगल केलीत. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांपुढे गोदाक्का होती. तिची सगळी नियमावली एका वाक्यात मावायची. तिच्याबद्दल आजच लिहून ठेवते, कारण हल्ली माझ्या आठवणी न सांगता रजेवर जातात.

गोदाक्काला कुठलीही बातमी सांगा, ती दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणायची, "अगं बाई! व्हय?" मग ती बातमी शहरात तिच्याच हातून आलेली का असेना.

लग्नाआधी मी आणि गोदाक्का औरंगाबादच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला वीसेक वर्षं झाली होती. फोनला तेव्हा स्वतःची अक्कल नव्हती. परगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल, आणि तो आम्ही बायका बोर्डावर दोऱ्या खुपसून जोडायचो. दोन्हीकडे नीट ऐकू येतंय ना, हे पाहायला थोडा वेळ कान लावावाच लागे. तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून विचारायचं, "वाढवू का?" त्यामुळे शहरातली बारशी, बदल्या, भांडणं आधी आमच्या कानांवरून जात. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, असा नियम होता. आम्ही सगळ्याजणी तो पाळायचो. फक्त घरी सांगायचो.

गोदाक्का घरीही सांगायची नाही. तिचे वडील निजामाच्या काळात टपालखात्यात कारकून होते. त्यांनी लेकीला शिकवलं होतं, "पत्ता वाचायचा. पोस्टकार्ड उलटायचं नाय." लेकीनं ते टेलिफोनला लावलं.

कामावर ती कुणाचा आवाज ओळखत नसे. एकदा तिचा सख्खा भाऊ लाइनवर आला.

"अक्का, मी बंडू!"

"नंबर सांगा."

"अगं, मी तुझा भाऊ हाय!"

"भावाचा नंबर सांगा."

देवगाव रंगारीचा एक कापूस व्यापारी हुरड्याची पिशवी घेऊन एक्स्चेंजच्या फाटकाशी उभा राहिला होता. समोरच्या व्यापाऱ्याला मुंबईहून काय भाव आला, एवढंच त्याला हवं होतं. "अक्का, फकस्त एक आकडा सांगा."

"माझ्याकडं एकच आकडा हाय," गोदाक्का म्हणाली. "तुमचा नंबर. लावू का कुठं?"

हुरडा परत गेला. आम्ही बाकीच्या जणी त्या पिशवीकडे बघतच राहिलो.

तिच्या शेजारच्या लीलाकाकूंना मात्र ती ऐकलेलं पोटात ठेवते, हे खरं वाटत नसे. त्यांच्या लेकीला पुण्यात मुलगा झाला, तो कॉल दुपारी गोदाक्कानंच जोडला होता. संध्याकाळी काकूंनी मुद्दाम बातमी सांगितली. "अगं बाई! व्हय?" तासाभरानं आपल्या सासूबाईंना पाठवून तीच पुन्हा सांगायला लावली. "अगं बाई! व्हय?" आश्चर्य रतीभरही कमी नाही.

मी एकदा म्हटलं, "अक्का, हे खोटं नाही का?"

"खोटं कशानं? ज्याची बातमी त्यानं सांगितली, तवाच मला कळली. आधी कळली ती बोर्डाला."

अशा या गोदाक्काचं लग्न ठरत आलं. तिशी उलटली होती, म्हणून तिच्या आईनं सगळे देव पाण्यात ठेवले होते. गुलमंडीवरच्या कापड दुकानाचे जगन्नाथकाका मध्यस्थ होते. परभणीचे एक मास्तर तिला पाहून गेले, पसंत म्हणाले. आता फक्त त्यांच्या वडीलधाऱ्यांचा होकार काकांच्या दुकानातल्या फोनवर यायचा होता. त्या आठवड्यात गोदाक्का अबोलीचा गजरा माळून ड्यूटीवर यायला लागली. आम्ही डिवचलं तर म्हणायची, "उकडतंय." गजऱ्यानं उकाडा कसा कमी होतो, हे आम्हाला कुणाला कळलं नाही.

एका दुपारी तिच्या बोर्डाकडून मला नेहमीचं ऐकू आलं. "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" मग जरा थांबून, "ऑपरेटर बोलतेय." आणि पुन्हा एकदा, "ऑपरेटर बोलतेय. वाढवू का?" तिनं दोरी काढली आणि पुढचा कॉल घेतला.

दुसऱ्या दिवशी गजरा नव्हता.

"आज उकडत नाही वाटतं?"

"नाय."

त्याच संध्याकाळी तिच्या आईनं मला करंज्या करायला बोलावलं. होकार आला की पाहुणे लगेच सुपारी फोडायला येतील, तेव्हा फराळ तयार हवा, असा म्हातारीचा हिशेब. गोदाक्का एरवी स्वयंपाकघराकडे फिरकत नसे. त्या दिवशी मांडी घालून बसली आणि वेड्यावाकड्या मुरडी घालत राहिली. आई लग्नातली गाणी म्हणत होती. एक संपलं की गोदाक्का म्हणायची, "अजून एक म्हण गं, आई."

एक दिवस मध्ये गेला आणि जगन्नाथकाका आले. मी तिथंच होते. चपला न काढता उंबऱ्याशी उभं राहून ते म्हणाले, "परभणीहून नकार आलाय."

गोदाक्कानं दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! व्हय?"

मग ती काकांना म्हणाली, "उन्हात आलात, पाणी घ्या." करंज्या तिनं दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये वाटल्या. कशाबद्दल, असं कुणी विचारलं तर म्हणाली, "केल्या म्हणून."

पुढं माझ्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही काकांच्या दुकानात गेलो, तेव्हा साडी उलगडता उलगडता ते थांबले.

"दिवसभर परक्या पुरुषांशी बोलणारी सून नको, म्हणत होते फोनवर परभणीवाले. मी सांगतोय, 'अहो, पोरगी लाखात एक हाय,' तर मधीच तिचाच आवाज! मी म्हणलं, 'गोदा, तू?' तर म्हणती, 'ऑपरेटर बोलतेय.' मला तिच्या दारात जायचं धाडसच होईना. गेलो, तर पोरीनं माझी लाज राखली."

मी गोदाक्काला त्याबद्दल एकदाच विचारलं. ती म्हणाली, "मला तर काकांनी घरी येऊन सांगितलं. तू होतीस की तिथं."

तिनं लग्न केलं नाही. आता ती पडेगावला भाच्याकडे राहते आणि रविवारी रिक्षा करून माझ्याकडे येते. तुमचा फोन वाजला की गुडघ्यावर हात टेकत उठते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. बस म्हटलं तरी बसत नाही. तुमचं बोलणं संपलं की मी तिला आत बोलावते आणि सांगते, "सईला बढती मिळाली." तुम्ही दोघं फोनवर इतकं ओरडून बोलता की सगळं गॅलरीत स्वच्छ ऐकू जातं. तरी तिचे दोन्ही हात गालांवर जातात.

तिला स्वतःला फारसे फोन येत नाहीत. ट्रंक कॉल संपले, आमचा बोर्ड भंगारात गेला. गोदाक्का आहे, आणि तिची "अगं बाई! व्हय?" अजून शाबूत आहे.