बाहेरची शेव

गावच्या मंगळवारच्या बाजारात बबनरावांची शेव वीस वर्षं बिनविरोध निवडून येत होती. मग पांढरकवड्याहून रूपसिंग गाडी घेऊन आला. त्याची चक्की आणि शेवेचं मशीन सरकारी अनुदानातलं, म्हणून शेव किलोमागे चाळीस रुपयांनी स्वस्त. तीन बाजारांत बबनरावांच्या दुकानापाशी फक्त माशा आणि नातेवाईक उरले.

"सरकारनं त्याले मशीन देलं, मले काय देलं?" ते घरी बायकोजवळ कुरकुरले.

"तुमी अर्ज केलता काय?" विमलताईंनी विचारलं.

अर्ज केला नव्हता. पण बबनराव ग्रामपंचायतीचे सदस्य होते! त्यांनी ठराव आणला: खाण्याचा जो माल गावाबाहेरून बाजारात येईल, त्यावर पोत्यामागे दोनशे रुपये कर. खाली पहिली सही त्यांचीच, चांगली लांबलचक.

पुढच्या मंगळवारी रूपसिंग आलाच नाही. बबनराव खुशीत कढई तापवत होते, तेवढ्यात पंचायतीचा शिपाई डोमाजी पावतीबुक घेऊन उभा राहिला.

"भाऊ, हे बेसन कुठचं?"

"यवतमाळचं. काहून?"

"मंग बाहेरचा माल झाला. दोन पोते, चारशे रुपये."

"अरे, ठराव मीच केला ना!"

"म्हणूनच तर. तुमाले पाठ असंन."

चारशे भरले, शेव महागली, उरलीसुरली गिऱ्हाइकंही पांगली. तरी बबनराव धीर धरून होते, कारण मैदानात दुसरं कोणी नव्हतं.

त्यापुढच्या मंगळवारी रूपसिंग जागेवर हजर! समोर गरम शेवेचा ढीग.

"डोमाजी, फाड पावती!" बबनराव ओरडले.

"कशाची? रूपसिंगभाऊ मशीनसगट गावात राह्याले आले. हरभरा गावचा, दळण गावचं, तळण गावचं. बाहेरचा माल तुमचाच हाय."

"त्याले गावात जागा कोणं देली?"

डोमाजीने पावतीबुकात मान घातली.

बबनराव तणतणत घरी पोचले. मागच्या गोठ्यात रूपसिंगचं मशीन घरघरत होतं, त्याचा गडी पीठ घालत होता.

"म्या देली," विमलताई म्हणाल्या. "गोठा रिकामाच होता. काल तुमी बेसन आणाले यवतमाळले गेलते, तवाच मशीन आलं. तुमी ठराव केला नसता तं तो कायले आला असता?"

"अवं, पण माहा धंदा!"

"त्याले चवीचा जाणता माणूस पायजे. तुमचंच नाव घेत होता." त्यांनी शेवेची बशी पुढे सरकवली.

बबनरावांनी तोंड फिरवलं. मग चिमूटभर चाखली. मग मूठभर.

"ओवा कमी हाय," ते गुरगुरले, आणि ओव्याचा डबा घेऊन स्वतःच गोठ्याकडे निघाले.