चुनीलालच्या जोड्याखाली

नदीकाठच्या राखीव रानातला बिबट्या पाहुण्याला दाखवणारच, असं चुनीलाल पाटील भर बैठकीत बोलून गेला आणि फसला. पाहुणा साधा नव्हता. रतिलाल बायकोला घेऊन, चुनीलालच्या पोराला मुलगी द्यायची की नाही, हे ठरवायला आला होता.

"बिबट्या दखाडा, मंग मानू," रतिलाल म्हणाला.

आता जनावर बघायचं तर गुपचूप पायी जावं. पण होणाऱ्या व्याह्याला पायी नेलं तर भाऊबंद तोंडावर थुंकतील. म्हणून दमणी जुंपली. बैलांना घुंगरमाळा चढल्या. मागच्या गाडीत भाऊबंद, मांडीवर शहाद्याहून आणलेल्या जिलबीच्या टोपल्या. मानपान हा आपल्या लोकांचा जुना रोग. जंगलातही वाजतगाजत शिरतात!

रानाचा रखवालदार भीमसिंग हात जोडून म्हणाला, "पाटील, घुंगरू तरी काढा."

"काढू? याहीनी गाडी शे ती, तिरडी नई!"

संध्याकाळपर्यंत दिसली एक टिटवी. तीही शिव्या देत उडाली.

"चुनीलालभाऊ, तुमना बिबट्या सासरले गया का?" रतिलाल खो खो हसला. भाऊबंदही हसले, चुनीलालचीच जिलबी खाऊन!

चुनीलाल घरी उतरला तर अंगणात, गुरांच्या हौदापाशी, ओल्या मातीत पंजा उमटलेला. ताजा. घुंगरांनी हुसकलेलं जनावर सरळ गावात येऊन पाणी पिऊन गेलं होतं. आता दाखवतोच रतिलालला! चुनीलालनं हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ओसरीवरून रतिलालची बायको जसोदाबाई म्हणाली, "बरं व्हयनं, काही दिसनं नई. आठे बिबट्या ऱ्हाता, तर मी मन्ही पोर दिधीच नसती."

चुनीलालनं तोंड मिटलं आणि पंज्यावर पाय ठेवला.

"खोटा ना तुमना बिबट्या?" रतिलालनं डिवचलं.

"खोटा." जन्मभर थापा मारून कधी कबूल न झालेल्या माणसानं एकच थाप कबूल केली, आणि नेमकी तीच खरी होती.

"मंग दिधी पोर!" जसोदाबाई म्हणाली. गूळ वाटला. पाहुणे निघाले. व्याह्याला वेशीपर्यंत पोचवणं आलंच. पण चुनीलाल खुंटासारखा जागचा हलेना.

"पोर दिधी तशी मान गया का आमना?" रतिलालचा आवाज चढला.

चुनीलालनं केविलवाण्या नजरेनं बायकोकडे बघितलं, मग खाली जोड्याकडे. जमनाबाईला जोड्याच्या कडेनं डोकावणारी जनावराची बोटं दिसली. तिनं सारवणाच्या शेणाचं घमेलं उचललं, ठेच लागल्यागत केलं आणि सगळं नवऱ्याच्या पायावर ओतलं.

"हाय माय!"

शेणानं भरलेले जोडे चपक चपक वाजवत चुनीलाल व्याह्याला पोचवायला निघाला. अंधारून येत होतं. नदीच्या बाजूला झुडपं हलली.

"जोरमा हाका रे बैल!" तो गाडीवानावर ओरडला. "घुंगरू वाजू द्या!"