आप्पांचं उकळलेलं पाणी

तीर्थ तळहातावर घेऊन पुजाऱ्याला "उकळलं का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी आप्पा. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात हा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत झाला. पुजारी तापले. म्हणाले, "आप्पा, तीर्थ आहे ते!"

"तीर्थ हाय, मान्य हाय. पण हाय तं पाणीच ना?"

मग त्यांनी ते तीर्थ भक्तिभावानं डोळ्यांना लावलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि बाहेर पायरीवर बसून पिशवीतल्या थर्मासातलं स्वतःचं पाणी प्यायले. मला म्हणाले, "देवाचा मान राह्यला, अन् पोटबी राह्यलं."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आप्पा त्याच्या पुढचे. त्यांना ताक दिलं तर ते विचारत, "ह्याच्यात घातलेलं पाणी उकळलं व्हतं का?" लग्नात सरबत आलं की बर्फाची चौकशी. एकदा आमच्याकडे गौरीचं जेवण होतं, तर हे आदल्या दिवशी येऊन माझ्या स्वयंपाकघरात उभे राहिले आणि वरणाला कोणतं पाणी घालणार ते विचारू लागले. "आप्पा, वरण उकळतंच," मी म्हटलं. त्यांनी गॅसकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. वरण चालंल."

आमच्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तो 'पाण्याचा वार'. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही आणि कुणी मरायचंही ठरवत नाही. सगळी गल्ली मोटारी लावून ड्रम भरत असते, भांडत असते, आणि आप्पांच्या ओट्यावर मोठं पातेलं रटरटत असतं. वीस मिनिटं, घड्याळ लावून. मे महिन्यात, कूलरसुद्धा गरम हवा फेकत असताना, हा सत्तरीचा माणूस घामानं निथळत गॅससमोर उभा. आणि हे सगळं एकट्यासाठी नव्हे. कॅनडातून नातवंडं येणार म्हणून.

नातवंडं दर उन्हाळ्यात येणार असत आणि दर उन्हाळ्यात येत नसत. आप्पांना एकुलती एक लेक, सुनंदा. तिला दोन मुलं, इरा आणि नील. एप्रिल लागला की आप्पा कुंपणाशी येऊन म्हणत, "पोरी, या साली येतेत बरं का." आणि मग तयारी म्हणून माझी दोन पोरं घेऊन अजिंठ्याला निघत. रंगीत तालीमच ती. सिल्लोडला भजी, फर्दापूरला चहा. टपरीवाल्याला सांगायचं, माह्यासमोर परत उकळ. टपरीवाला म्हणायचा, "आप्पा, परसाल बी तुम्हीच आल्ते ना?" परतल्यावर तीन दिवस रोज सकाळी कुंपणापलीकडून प्रश्न यायचा, "पोरांचं पोट बरं हाय ना?"

एकदा मी चिडले. म्हटलं, "आप्पा, माझी पोरं काय प्रयोगशाळेतले उंदीर आहेत?"

त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला माझीच लाज वाटली. "नाय पोरी," ते म्हणाले. "तुह्या पोरायला काय झालं तं मी जगंल का?"

आप्पा पहिल्यापासून असे नव्हते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. जन्म कन्नड तालुक्यातला, घरची शेती, आणि नोकरी कालवा निरीक्षकाची. सगळी हयात पाटाच्या कडेनं सायकल हाणण्यात गेली. तहान लागली की पाटात ओंजळ घालायची आणि प्यायचं. तेव्हा त्यांचं पालुपद वेगळं होतं. "पाण्यानं कुणाला काय झालंय?" रानातल्या विहिरीचा तर इतका गर्व, की शहरातल्या पाहुण्याला चहाच्या आधी त्या विहिरीचं कौतुक प्यावं लागे.

सहा वर्षांपूर्वी सुनंदा मुलांना घेऊन दीड महिन्यासाठी आली होती. इरा सहा वर्षांची, नील चार. काय उन्हाळा होता तो! आप्पांच्या बायकोला आम्ही सगळे माई म्हणायचो. माईंनी कुरडया घातल्या त्या पोरांनी ओल्याच खाल्ल्या. आप्पांनी झाडाला झोपाळा बांधला. दोघांना घेऊन ते कन्नडला रानात गेले, आठवडी बाजारात गेले. आणि पंधरा दिवसांनी नीलला टायफॉईड झाला. अकरा दिवस ते पोर दवाखान्यात सलाइन लावून पडलं होतं. त्याच्या मनगटावर सुई ठरत नव्हती. मी डबा घेऊन जायचे, तेव्हा माई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असायच्या. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी कबूल केलं होतं, की बाजारात बर्फाचा गोळा आपणच दिला. सुनंदानं दवाखान्यातच त्यांना सगळ्यांसमोर फाडफाड बोलून घेतलं. जावयानं फोनवरून सांगितलं, मुलं मोठी होईपर्यंत भारत नाही.

माईंच्या मोबाइलवर लेकीचा रोज सकाळी दहाला फोन यायचा. तो बंद पडला. आप्पांना पंधरा दिवसांतून एकदा यायचा, तेवढाच. माई मात्र दहा वाजता मोबाइल मांडीवर घेऊन पायरीवर बसायच्या. मला वाटायचं, सवय. दोन वर्षांनी माई गेल्या. सुनंदा एकटीच आली, दिवस उरकले आणि गेली.

पुढच्या उन्हाळ्यात लेकीनं बापाला तिकडे बोलावून घेतलं. तिथले किस्से आप्पा वर्षभर सांगत होते. "तिथं नळाला तोंड लावून पितेत, पोरी! अन् काय होत नाय. मी तरीबी उकळलं." जावई सगळ्यांना गाडीतून तळी, डोंगर दाखवत फिरवत होता. एका लॉजवर आप्पांनी सकाळी खोलीत किटली लावली. ती बराच वेळ रटरटत राहिली, वाफ छतापर्यंत गेली आणि आगीची घंटा वाजली. सगळा लॉज झोपेच्या कपड्यांत हिरवळीवर. पोरं हसून हसून गवतावर लोळली. हे सांगताना आप्पाही हसायचे आणि हसता हसता उपरण्यानं तोंड पुसायचे. "एक काम राह्यलं तिकडं," म्हणायचे. "पोरं हसत व्हती. म्हनलं, आज नको."

निघताना इरानं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत त्यांना तिथल्या नळाचं पाणी भरून दिलं होतं, आप्पांना गोड लागतं म्हणून. ती बाटली देवघरात गंगाजलाच्या गडूशेजारी आहे. घरातलं तेवढं एकच पाणी त्यांनी कधी उकळलं नाही.

आणि या मे महिन्यात सुनंदा पोरांना घेऊन खरंच आली. पण हॉटेलात. तीन दिवसांचा मुक्काम, लेणी वगैरे, आणि शेवटच्या दिवशी आप्पांकडे दोन तास. आप्पांनी त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. दोन नवे माठ आणले, ते आठ दिवस भिजवले. पाणी दोनदा उकळलं. आणि मला हुकूम सोडला, "तू यायचं. साक्षीदार म्हनून. सांगायचं तिला, म्या माह्या डोळ्यांनं उकळताना पाह्यलंय."

मी गेले. साक्ष द्यायला इस्त्रीची साडी नेसून गेले.

ऊन मी म्हणत होतं. इरा आता बारा वर्षांची, नील दहाचा, दोघांच्या खांद्यावर आपापली पाण्याची बाटली. धपाटे त्यांनी आवडीनं खाल्ले. इरानं देवघरातली बाटली उचलून "हे काय?" म्हणून विचारलं. तिला आठवत नव्हतं. आप्पांनी सांगितलं, तर लाजून हसली. नीलला धपाटा तिखट लागला. त्यानं बाटली तोंडाला लावली, ती रिकामी होती. त्याची नजर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाकडे गेली.

"आप्पा, त्यातलं पिऊ?"

सुनंदा म्हणाली, "नील, गाडीत बाटल्या आहेत."

मी घसा खाकरला. सहा वर्षं ज्यासाठी हा माणूस गॅससमोर शिजला, तो क्षण आला होता. "सुनंदाताई," मी सुरू केलं, "मी स्वतः पाहिलंय, दोनदा..."

"थांब पोरी," आप्पा म्हणाले. त्यांनी नीलच्या डोक्यावर हात ठेवला. "आई म्हणती तसं कर, बाळा. गाडीतलंच पी."

मला असा संताप आला! पोरं बाहेर गाडीकडे पळाली. आप्पा माठावर हात टेकून उभे होते. लेकीकडे न बघता ते म्हणाले, "सुनंदा, त्या साली गोळा नव्हता. माई बाजारात आलीच नव्हती. इहिरीचं पाणी म्या पाजलं त्येला, माह्या ओंजळीनं. म्हनलं, आज्याच्या इहिरीचं हाय, पी. डॉक्टरनं इचारलं तवा ती मधी पडली. अन् म्या गप बसलो."

सुनंदा ओरडेल, रडेल असं मला वाटलं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "मी आईशी दोन वर्षं बोलले नाही, आप्पा."

मग तिनं पर्स उचलली. निघताना सवयीनं पाया पडायला वाकायला लागली, अर्ध्यात थांबली आणि तशीच सरळ होऊन बाहेर गेली. गाडीतून पोरांनी हात हलवले.

आप्पा पायरीवर बसले, माई बसायच्या त्याच जागी. मी त्यांच्याशेजारी बसले. खरं सांगायचं तर त्यांना धीर द्यावासा वाटत नव्हता. मी विचारलं, "माई कधी म्हणाल्या नाहीत, की सांगून टाका?"

"नाय. इथंच बसायची, फोन घेऊन. एका शब्दानं म्हणली नाय." ते फाटकाकडे बघत होते. "मीच आपला म्हणायचो, तिकडं रात आसंल आत्ता. संध्याकाळी परत बसली, की म्हणायचो, हापिसात आसंल."

"मग?"

"मंग काय. ती म्हणायची, व्हय, आसंल."