वेंकोबामामांचं रीडिंग

तंजावरात मला वेंकोबारावांनी थारा दिला, हे पहिल्यांदा लिहून ठेवतो. मग त्यांच्यावर हसायला मी मोकळा. नववीतून शाळा सोडलेल्या माणसालाही एवढं कळायला हवं, की उपकार करणाऱ्याचं नाव आधी घ्यावं आणि गंमत मागून सांगावी.

तर वेंकोबामामा रेडिओला उत्तर देत. निवेदिकेनं 'वणक्कम' म्हटलं की हातातली वाटी खाली ठेवून उभे राहत, पंच्याला हात पुसत आणि त्या डब्याला रीतसर हात जोडत. गाणं अर्ध्यावर असताना रेडिओ बंद करणं त्यांना जमत नसे.

"एकजण बोलतो आहे आणि तूं त्याच्या तोंडावर दार लावतोस? ही तुमच्या देशांतली रीत काय?"

गाणं संपल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. गाणं संपलं की निवेदिका बोलू लागे, आणि तिचं झालं की पुढचं गाणं. त्यामुळे भाजीला निघालेले मामा बाजार उठल्यावर पोचत आणि पिवळी पडलेली वांगी घेऊन येत. लग्न का केलं नाही, असं मी एकदा भीत भीत विचारलं. म्हणाले, "कुंभकोणास मुलगी पाहायला गेलों. त्यांच्या घरीं रेडिओ लागला होता. गाणं संपेतों बसलों. संपलं तेव्हां मुलीचा बाप उठून गेला होता." खरं की खोटं, देव जाणे. पण मामा खोटं बोलत नसत, तेव्हा खरंच असणार.

मी आटपाडीकडचा. आमच्याकडची पोरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात, तसा मीही एका लांबच्या चुलत्याच्या दुकानात तंजावरला आलो. सहा वर्षं तेजाबाचा धूर गिळला. मग खोकला असा लागला की डॉक्टरनं भट्टीसमोर उभं राहायची बंदी केली, आणि चुलत्यानं ट्रंक बाहेर ठेवली. त्या ट्रंकेवर मी राजवाड्यामागच्या गल्लीत बसलो होतो. खोकल्याची उबळ आली आणि तोंडातून "आई गं" निघालं. समोरच्या ओट्यावरून प्रश्न आला, "कोण रे तूं? इकडे मराठींत खोकतो कोण?"

मामांचं मराठी असं होतं. शब्द पणजोबांच्या वेळचे, सूर तमिळ. तीनशे वर्षांपूर्वी त्यांची माणसं इकडे आली ती परत गेलीच नाहीत. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता, म्हणून सगळ्या महाराष्ट्राचा जाब ते माझ्याकडे मागत. मला नावानं कधी हाक मारली नाही. "अहो आटपाडी" म्हणत. रागावले की "अरे आटपाडी".

माडीवरची खोली त्यांनी मला दिली आणि महिन्याभरात नोकरीही लावून दिली. तेव्हा खाजगी एफेम स्टेशनं नवी नवी निघाली होती. इतकी वर्षं एकच सरकारी स्टेशन ऐकलेल्या गावात आता दोन स्टेशनं एकमेकांवर ओरडत होती. कोण कोणतं ऐकतं हे शोधायला एका कंपनीनं चाळीस घरं निवडली आणि घरोघरी वह्या वाटल्या. एका दिवसाला एक पान. पानावर पाव-पाव तासाचे खण. ज्या पाव तासात जे स्टेशन ऐकलं त्यावर खूण करायची. सोमवारी वह्या गोळा करायच्या, नव्या द्यायच्या. हे काम मला मिळालं. शाळा विचारली तेव्हा मामा मध्ये पडले. "रीडिंग घ्यायला शाळा कसाला? डोळे पुरेत."

मामांचा अधिकारच होता तो. तीस वर्षं त्यांनी वीज बोर्डात मीटर वाचले होते. पहिल्या दिवशी मला समोर बसवून शिकवलं. "दिसेल तो आंकडा लिहायचा. दिसला नाहीं तर 'दार बंद' लिहायचं. अंदाजें लिहिणारा तो चोर. मीटर खोटं बोलत नाहीं, वाचणारा बोलतो."

चाळीस घरांपैकी एक घर मामांचंच. त्यांची वही बघून कंपनीतले लोक डोकं धरत. खूण एवढीशी करायची, तर हे खणात बारीक तमिळ अक्षरात लिहीत: 'सव्वाचार. रेडिओ चालू. मी नारळांत गुंतलों. दार बंद.' म्हणजे रेडिओ बोलला, पण ऐकणारा मनानं घरी नव्हता. ते रीडिंग धरायचं नाही.

एकच तास असा होता की त्यात 'दार बंद' कधी नसे. दुपारी एक ते दोन. मल्लिका नावाची निवेदिका श्रोत्यांची पत्रं वाची, मधेमधे गाणी लावी, आणि सुरुवातीला रोज विचारी, "साप्टींगळा?" जेवलात का? विचारून ती क्षणभर थांबे. त्या क्षणात मामा उत्तर देत. नुसतं हो नाही. "जेवलों अम्मा. वांग्याचं सांबार. मीठ अंमळ अधिक पडलं. ताक होतं. आटपाडी जेवला नाहीं, त्याला घाई." मल्लिका तोवर गाण्यावर पोचलेली असे, मामा ताकावर. त्यांचं सांगून होईपर्यंत गाण्याचं पहिलं कडवं वाया जाई. मी जिन्यात चपला घालत हसत असे. मलाही ते काही सांगू लागले की अर्धं ऐकून मी निघे. चाळीस घरं होती ना.

मग कार्तिक लागला आणि घोटाळा सुरू झाला.

तंजावरात मार्गळीचा महिना देवाचा. पहाटे अंगणात रांगोळ्या आणि देवाला उठवायची गाणी. या महिन्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे रेडिओला साड्यांच्या आणि दागिन्यांच्या जाहिराती मिळत नाहीत. म्हणून स्टेशनं महिनाभर भक्तिगीतं लावतात आणि तुपाच्या, उदबत्तीच्या जाहिरातींवर भागवतात. त्या वर्षी मल्लिकाच्या स्टेशनला वाटलं, दुसऱ्यानं सुरू करायच्या आत आपणच करावं. त्यांनी मार्गळी एक महिना आधीच आणली. पहाटेपासून रात्रीपर्यंत नुसती गाणी. निवेदक नाहीत. मल्लिकाचा तास 'सीझनपुरता' बंद.

मामा खवळले. "कार्तिकांत मार्गळी? आणि दुपारीं चार वाजतां देवाला 'ऊठ' म्हणतात! तो सकाळींच उठला बापडा. आतां काय, उठण्यासाठीं पुन्हां निजेल?"

पण आकडे असे चढले की काय सांगू. ज्या घरात जावं तिथं तेच स्टेशन. मला आधी भक्ती वाटली. मग एका घरात बाई मासळी साफ करत होती आणि रेडिओवर टॉवेल टाकला होता. आतून गाणं चालूच. म्हटलं, अक्का, हे काय? म्हणाली, "मार्गळीत आम्ही मासळीला शिवत नाही तंबी. पण अजून मार्गळी लागली कुठे? आणि मासळीच्या हातानं देवाचं गाणं बंद करू?" पुढच्या घरात नवरा-बायको हातवारे करून भांडत होते. गाण्यावर आवाज चढवायचा कसा, म्हणून. हे मी मामांना सांगितलं. ते हसले नाहीत. "ऐकतो कोण? बंद करायला अस्के, सगळेच भितात. हा भक्तीचा आंकडा नाहीं रे, भीतीचा."

त्यांच्या स्वतःच्या वहीत सकाळपासून रात्रीपर्यंत एकच शब्द होता. प्रत्येक खणात. दार बंद.

खरी मार्गळी लागली आणि चूक माझ्याकडून झाली. बायका पहाटे चारला उठून रांगोळीला बसत, मग देऊळ, मग पोंगलाचा प्रसाद. वही भरायला सवड कोणाला? सोमवारी गेलो की कोरी वही पुढे करत. "तूच लिही तंबी. रेडिओ चालूच असतो." कोऱ्या वह्या दिल्या तर कंपनी मला काढणार. मी लिहिल्या. एका घरापासून सुरुवात केली, आणि मार्गळी संपत आली तेव्हा एकोणचाळीस वह्यांतल्या खुणा माझ्या हातच्या होत्या. सगळ्या एकाच शाईच्या, एकाच बाजूला कललेल्या. मामांना कळलं होतं, असं मला वाटतं. माझं बोट निळं झालेलं त्यांनी पाहिलं होतं आणि साबण पुढे सरकवला होता.

एका शुक्रवारी सुपरवायझर सेल्वम त्रिचीहून मोटारसायकलवर आला. वह्या माझ्यासमोर टाकून म्हणाला, "चाळिसांत एकच वही वेगळी आहे. त्या म्हाताऱ्याची खरी असेल, तर बाकीच्या तू लिहिल्यास. चल, त्यालाच विचारू. ट्रंक बांधायची की नाही ते तिथंच ठरेल."

आम्ही पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. मामा रेडिओसमोर बसले होते. त्यांनी बोट वर केलं. गाणं संपू दे. सेल्वम थांबला. गाणं संपलं आणि त्याला चिकटून दुसरं सुरू झालं. मधे बोलणारं माणूसच राहिलं नव्हतं, त्यामुळे संपणं असं नव्हतंच. सेल्वम घाम पुसत उभा. मामांचं बोट वरच.

"सार, एक मिनिट बंद केला तर..." सेल्वम म्हणाला.

"दोनाला करंट जातो," मामा तमिळमध्ये म्हणाले आणि पुन्हा बोट वर केलं.

बरोबर दोनाला करंट गेला. बोर्डाचा माणूस बॅटरीवर ऐकणार नाही, हा त्यांचा नेम. घर एकदम मुकं झालं.

सेल्वमनं वही पुढे धरली. "हे 'दार बंद' खरं का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा लावला, वही उघडली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "म्हाताऱ्याची चूक. खण उलटे वाचले."

"म्हणजे ऐकलंत?"

"सगळं ऐकलं."

आणि त्यांनी पेन काढलं. पहिल्या पानापासून एक एक खण घेऊन 'दार बंद' वर रेघ मारली, शेजारी खूण केली आणि प्रत्येक दुरुस्तीखाली बारीक सही केली, कारण बोर्डाचा तसा नियम होता. सोमवार, मंगळवार, बुधवार. सेल्वम कंटाळून ओट्यावर जाऊन बसला. मी तिथंच उभा राहिलो. दुपारी एक ते दोनच्या खणांवर आले की पेन जरा थांबे, मग खूण होई.

शेवटच्या पानावर एक छापील प्रश्न होता. कोणता कार्यक्रम पुन्हा हवा आहे? सेल्वमनं विचारलं, "मल्लिकाचा तास तुम्ही ऐकायचात ना? लिहू तो?"

"कोणती मल्लिका?" मामा म्हणाले आणि वही मिटली.

माझी नोकरी राहिली. पोंगल झाला, मार्गळी गेली, पण स्टेशननं गाणी बदलली नाहीत. एवढा आकडा असताना बदलायची कशाला? चाळीसच्या चाळीस घरं. मल्लिका दुसऱ्या गावी गेली, असं ऐकलं. आणि उन्हाळ्यात कंपनीनं वह्याच बंद केल्या. सगळे एकच ऐकतात तर मोजायचं काय? म्हणजे तीस वर्षांत एकदाच मामांनी रीडिंग खोटं लिहिलं, ते माझ्या चार महिन्यांच्या नोकरीसाठी.

त्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. उलट गॅस एजन्सीत माझ्यासाठी शब्द टाकला. आता मी तिथं बुकिंग लिहितो. माडीवर अजून राहतो. दुपारी जेवायला घरी येतो आणि मुद्दाम विचारतो, "मामा, जेवलात का?"

"हो."

एवढंच. सांबार नाही, मीठ नाही, ताक नाही. रेडिओ कोनाड्यात गप्प असतो. एक वाजला की मामा पंच्याला हात पुसतात, अर्धवट उठतात आणि पाणी प्यायला उठलो असं दाखवून माठाकडे जातात.

परवा मी हट्टानं पुन्हा विचारलं, "काय जेवलात?"

ते म्हणाले, "अहो आटपाडी, तुम्ही फेडायला पुसतां. ती उगाच पुसायची."

मी चपला घातल्या, मग काढल्या, मग पुन्हा घातल्या.

मामा, मराठी वाचता येत नाही म्हणून हे तुम्ही वाचणार नाही, तरी लिहितो. माझ्यानं तुमचं काही फिटेल असं आज दिसत नाही. पण कधीतरी एका दुपारी, मनात काही न धरता, मी तुम्हाला उगाच विचारीन. त्या दिवशी सांबारापासून ताकापर्यंत सगळं ऐकीन, आणि तुमचं संपेपर्यंत जिन्याकडे बघणार नाही.