दिवसाला तीन चिठ्ठ्या

आवक-जावक विभागाच्या प्रमुखांना चार महिने धड झोप नव्हती. रात्रभर छताकडे बघायचं आणि सकाळी ऑफिसात येऊन त्याचा राग हाताखालच्या माणसांवर काढायचा, असा क्रम चालला होता. माघारी सगळे त्यांना ‘तोफ’ म्हणत. गोळ्या लिहून देण्याआधी डॉक्टरांनी एक उपाय सुचवला.

“रोज तीन माणसांचे मनापासून आभार माना. चिठ्ठी लिहून हातात द्या. मन हलकं झालं की झोप लागते.”

“तीन माणसं आणू कुठून?” तोफेने विचारलं.

पण आदेश मोडणं रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी टंकलेखिकेच्या हातात चिठ्ठी पडली : ‘तुमचं पत्र मला कधी परत पाठवावं लागलं नाही. आभारी आहे.’ दुसरी टपाल वाटणाऱ्या शिपायाला मिळाली. तिसरं माणूस काही सुचेना.

आता या ऑफिसची एक रीत होती. तिथे आभार फक्त निरोप समारंभात मानत. एरवी चूक झाली की बोलायचं, नाही झाली की गप्प बसायचं. त्यामुळे टंकलेखिका चिठ्ठी घेऊन थेट शिपायाकडे धावली.

“तोफ नोकरी सोडतेय!”

“तरीच डोळे सुजलेत. रडले असणार बिचारे,” शिपाई म्हणाला.

“विचारायचं का?”

“तुम्ही विचारा, बाई. माझी पोरं लहान आहेत.”

कुणीच विचारलं नाही. संध्याकाळी तोफेला हॉलमध्ये मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. फुलं होती, भिंतीवर लावायचं घड्याळ होतं. कुणाचा तरी निरोप असेल म्हणून त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मग शिपाई उठला.

“आई आजारी होती तेव्हा तीन दिवस माझं टपाल तोफसा... प्रमुखसाहेबांनी वाटलं. कुणाला बोलले नाहीत. आभार मानायचे राहूनच गेले.”

तोफ हे विसरूनही गेली होती. कसेबसे उठून ते म्हणाले, “पण मी चाललोय कुठे?”

मोठे साहेब चमकले. “मग आभार कशाला मानत होता?”

“झोप येत नाही म्हणून.”

“म्हणजे उद्या येणार?” टंकलेखिकेने विचारलं.

“येणार.”

तोफ उद्या येणार म्हणून टाळ्या पडतील, असं खुद्द तोफेलाही कधी वाटलं नव्हतं.

घरी बायको चहा घेऊन बाहेर आली, तर हे खुर्चीतच झोपलेले. मांडीवर घड्याळ, हातात तिसरी चिठ्ठी : ‘चार महिने माझ्यासोबत जागलीस, कधी बोलून दाखवलं नाहीस. आभारी आहे.’

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि असलं काही पहिल्यांदाच घडत होतं. तिने घाबरून आधी त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता, पाठोपाठ घोरणंही सुरू झालं. डोळे पुसत तिने घड्याळ अलगद उचललं आणि टिकटिक नको म्हणून त्यातला सेल काढून ठेवला.